बेसण्याहून आलेलं इन्सुलिन

सुरतेत मी पोळ्या करायच्या कामाला नुकतीच लागले होते. पर्वत पाटियाच्या पुढे एका उंच बिल्डिंगीत साडीवाल्या शेठचं घर मिळालं होतं. डिंडोलीहून रिक्षा पकडायची, त्यांच्या भाषेतली रोटली करायची आणि परत यायचं. मधे तापाने दोन दिवस घरी होते. तिसऱ्या संध्याकाळी शेठच्या सुनेचा फोन आला, "बेन, काले वहेला आवजो, घरे बेसणुं छे." माझं गुजराती तेव्हा भाजीबाजारापुरतं होतं. वहेला म्हणजे लवकर, एवढं कळलं. मी म्हटलं, चला, ह्या लोकांना एकदाचा गोड डाळीचा कंटाळा आला.

दुकानातल्या बेसनावर माझा भरवसा नाही, त्यात काय काय दळतात देव जाणे. म्हणून घरची हरभऱ्याची डाळ दळून घेतली, लसूण घेतला, हिरव्या मिरच्या घेतल्या, लाल फुलांची साडी नेसले आणि भल्या सकाळी हजर झाले. दार उघडंच. हॉलभर पांढऱ्या चादरी, त्यावर पांढऱ्या कपड्यातली माणसं हात जोडून बसलेली, आणि समोर खुर्चीवर हार घातलेला शेठचा फोटो. गेल्याच आठवड्यात हे शेठ पोळीला तूप कमी म्हणून माझ्यावर ओरडले होते. एका बाईने माझ्या पिशवीकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिला काय सांगणार, पिठलं करायला आले म्हणून?

माणूस गेल्यावर लोक येऊन बसतात ते बेसणुं, हे मला असं कळलं. आमच्या खानदेशात माणूस गेला की रडतात, भांडतात, जुनंपानं उकरून काढतात. इथे वेळ आधीच कळवलेली असते. यायचं, हात जोडायचे, निघायचं. व्यापारी गाव आहे, दुःखसुद्धा वेळेत आटपतं.

मी तोंड लपवून स्वयंपाकघरात शिरले. सगळे गेल्यावर सून आत आली आणि फ्रिज रिकामा करायला लागली. शेठची साखरेची बिस्किटं, शेठचं बिनसाखरेचं श्रीखंड, आणि दारातल्या कप्प्यातल्या इन्सुलिनच्या बाटल्या. सील न फोडलेल्या. माझ्या नवऱ्याला सुई लागते हे तिला ठाऊक होतं. तिने पिशवी पुढे केली. "बेन, तमारे काम आवशे? नहितर फेंकी दउं." मी बाटलीवरची तारीख पाहिली. शेठची तारीख आधी संपली होती, बाटल्यांची बाकी होती. पिशवी नको म्हटली असती तर मी वेडीच म्हणायची.

कारण ह्या बाटल्यांपायीच तर मी पोळ्या लाटत होते. आमचे हे सुरतेजवळच्या सचिन गावी लूमच्या खात्यात कारागीर. सुरतेत खातं म्हणजे कारखाना, बँकेतलं खातं नव्हे. ते आमचं भरलेलं असतं तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. साखर जुनीच होती, गोळ्यांवर भागत होतं. मग गोळ्या पुरेनाशा झाल्या. पँट ढिली पडली, तहान थांबेना. डॉक्टरांनी इन्सुलिन लिहून दिलं आणि म्हणाले, "हे एक दिवसही चुकवायचं नाही. चुकवलं तर पाय जाईल, डोळे जातील, आणि तरी ऐकलं नाही तर तुम्हीच जाल." हे तिथे घाबरले. मी चिठ्ठी घेऊन मेडिकलमधे गेले आणि तिथे मी घाबरले.

विचारायचं मी कोणाला सोडलं नाही. आधी खात्याच्या शेठला विचारलं. तो म्हणाला, मस्टरवर नाव असतं त्याचा विमा असतो. ह्यांचं नाव मस्टरवर नव्हतं. बारा तास मशीनसमोर उभा राहणारा माणूस कागदावर कुठेच नव्हता, आणि कागदावर जे होते त्यांना पाळीवर जाताना मी कधी पाहिलं नाही. मग सरकारी कार्ड काढलं. फोटो काढला, अंगठा दिला, कार्डाला प्लास्टिक लावून घेतलं. तिथला मुलगा म्हणाला, "मावशी, पेशंट ॲडमिट झाला की सगळं फुकट." आणि ॲडमिट नसेल तर? तर काही नाही. म्हणजे पाय कापायचा असेल तर फुकट, पाय वाचवायचा असेल तर स्वखर्चाने. मी त्याला तसं म्हटलं, तर तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

मग शेजारणीच्या ओळखीतला विमा एजंट आला. साखर घातलेला चहा प्यायला, बॅगेतून रंगीत कागद काढले आणि विचारलं, "काकांना आधीपासून काही आजार?" मी म्हटलं, साखर आहे. त्याचं पेन थांबलं. म्हणाला, "मग काकू, साखर आणि साखरेमुळे जे होईल ते पहिली काही वर्षं धरता येणार नाही. बाकी सगळं धरू."

"बाकी म्हणजे काय?"

"अपघात, डेंग्यू, मुतखडा."

"म्हणजे जे झालंय त्याला काही मिळणार नाही, आणि जे झालंच नाही त्याचा हप्ता भरायचा?"

"काकू, विमा असाच असतो."

"बरं. झाला का चहा? कप इकडे द्या."

राहिला सरकारी दवाखाना. तिथे इन्सुलिन फुकट मिळतं, आणि मिळायचंही. पण खिडकीवरचा माणूस म्हणायचा, संपलंय, सोमवारी या. सोमवारी दुसराच माणूस बसलेला असायचा, तो म्हणायचा, शुक्रवारी आलं होतं, तेव्हा का नाही आलात? बारीत पेशंटनेच उभं राहायचं, मग ह्यांची पाळी बुडायची, आणि पाळी बुडली की मशीन दुसऱ्याच्या हातात जायचं. आमचं फुकटचं इन्सुलिन असं विकतच्यापेक्षा महाग पडायला लागलं. तेव्हा मी पोळपाट उचलला.

आणि लोकांच्या घरात शिरल्यावर जे पाहिलं त्याने माझं डोकंच फिरलं. आमच्या घरी इन्सुलिन पुरवून वापरायचं म्हणून हे भाकरी मोजून खायचे. तिथे शेठ सुरतेची माव्याची घारी समोर ठेवून बायकोला सांगायचे, "आजे बे युनिट वधारे." आधी दोन युनिट जास्त टोचायचे आणि मग ती तुपात थबथबलेली घारी खायचे. सकाळी फाफड्याबरोबर जिलबी असली की आणखी युनिट. आमच्याकडे जगायला लागणारं औषध तिथे फरसाणाबरोबर घेत होते. रागाने माझी पोळी वाकडी व्हायची. शेठ म्हणायचे, बेनचा हात बसला नाही अजून.

असो. ते शेठ गेले आणि त्यांच्या बाटल्यांनी आमचे कितीतरी दिवस निघाले. फ्रिज आमच्याकडे नव्हता. मी स्टीलच्या डब्यात बाटली घालून तो डबा ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवायचे. हे सुई घ्यायच्या आधी बाटली कपाळाला लावून म्हणायचे, "शेठ, उपकार झाले." जिवंतपणी ह्यांनी त्या शेठना पाहिलंही नव्हतं.

तिथून मला सवय लागली. खोटं कशाला बोलू, वाईट सवय लागली. बिल्डिंगीत माझी घरं वाढत गेली, आणि पोळ्या करणाऱ्या बाईला कुठल्या घरात कोणाला साखर आहे हे डॉक्टरच्या आधी कळतं. मी पांढरी साडी घेऊन ठेवली. बेसणुं असलं की नेसून जायचे, हात जोडायचे, मनापासून जोडायचे, आणि डोळे मात्र स्वयंपाकघराकडे. कधी मिळायचं, कधी नाही. एका घरी बाटल्या म्हाताऱ्यासोबतच फेकून दिल्या होत्या. त्या दिवशी बेसण्यात मला खरंच रडू फुटलं. घरच्यांना वाटलं, बघा, बेनला किती माया होती.

जिवंत म्हाताऱ्यांची मी चौकशी करायचे. "काका, तब्येत कशी आहे?" एवढंच. पण बिल्डिंगीत भिंतींना कान असतात आणि वॉचमनला तोंड असतं. हळूहळू कुजबुज झाली असणार. कारण एका दिवशी एका काकांना मी तब्येत विचारली, तर ते ताठ उभे राहिले, "सारी छे, बहु सारी छे," म्हणजे छान आहे, असं म्हणाले आणि जाऊन फ्रिजचं दार नीट लागलंय का बघून आले.

फक्त सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या बा विचारलेलं ऐकून घ्यायच्या. बा म्हणजे त्या घरातली म्हातारी सासू. साखर होती, जीभ तिखट होती आणि डाळीत गूळ भरपूर लागायचा. मी विचारलं की गुडघा, झोप, सून, सगळं सविस्तर सांगायच्या. बाकी घरात त्यांना कोणी काही विचारत नसे. मुलगा सकाळी मार्केटात जायचा तो रात्री यायचा. बांच्या खोलीत यायचा तो औषधाची पिशवी ठेवायला.

मग खालच्या मजल्यावरचे साडीचे दलाल काका गेले. मी बेसण्याला गेले. काकांचं इन्सुलिन नव्या पद्धतीचं होतं, पेनमधून टोचायचं. बाटली नाही, काचेच्या बारीक नळ्या. मुलाने नळ्या मला दिल्या आणि पेन ठेवून घेतलं. म्हणाला, पप्पांची आठवण आहे. लोक बापाचं घड्याळ ठेवतात, ह्याने टोचायचं पेन ठेवलं. मी नळ्या पिशवीत टाकल्या. नळीवर औषधाचं नाव आमच्याच औषधाचं होतं. तारीखही लांबची. मी खुशीत घरी आले.

हे रातपाळीवरून सकाळी आले. पेन नव्हतं, म्हणून आमच्याच लाल टोपणाच्या सिरिंजमधे नळीतलं औषध ओढलं. नाव तेच, रंग तोच, आणि रोजच्या रेघेपर्यंत. रोजच्यासारखं खाल्लं आणि झोपले. मी कामाला गेले. दुपारी आले तर शर्ट घामाने भिजलेला, अंग गार, घशातून घरघर. मी हलवलं. डोळे उघडले, पण त्यात मी नव्हते. म्हणाले, "मशीन बंद कर व, तार तुटी गया." पुन्हा पुन्हा तेच, तार तुटला, मशीन बंद कर. मी शेजारणीला हाक मारली. शेजारीण धावत आली, तिने साखर आणली, आम्ही ती ह्यांच्या ओठांत, हिरड्यांना चोळली. तिच्या दिराने रिक्षा काढली. वाटभर मी ह्यांचं डोकं मांडीवर धरून एवढंच म्हणत होते, मशीन बंद केलंय हो, तुम्ही उठा.

सरकारी दवाखान्यात सलाइनमधून साखर चढवली. बऱ्याच वेळाने ह्यांनी मला ओळखलं आणि पहिलं विचारलं, "माझी पाळी?" तेव्हा मला धीर आला आणि रागही आला.

डॉक्टर तरुण होता. मी पदरात बांधून आणलेली नळी त्याला दाखवली. "हे कुठून आणलं?"

"शेठचं आहे."

"शेठ डॉक्टर आहेत?"

"नाही, साड्यांचे दलाल होते. वारले."

त्याने चष्मा काढून पुसला. मग समजावून सांगितलं. बाटलीतलं औषध चाळीसचं, नळीतलं शंभरचं. लाल टोपणाची सिरिंज चाळीसवाल्या बाटलीसाठी बनवलेली. रेघ तीच धरली तरी औषध अडीचपट गेलं. "थोडा उशीर झाला असता तर हे राहिले नसते," तो म्हणाला. "मेलेल्या माणसाचं औषध पुन्हा वापरू नका."

"साहेब, जिवंत माणूस देत नाही हो," मी म्हटलं. त्याने नळी कचऱ्यात टाकली. वाईट नव्हता तो.

आता गंमत ऐका. ॲडमिट झाल्याबरोबर आमचं प्लास्टिकचं कार्ड चाललं. पलंग फुकट, तपासण्या फुकट, आणि इन्सुलिन तर नर्स स्वतः येऊन टोचायची, वेळेवर, हसून. इतक्या वर्षांत ह्यांची एवढी बडदास्त कोणी ठेवली नव्हती. दुसऱ्या दिवशी हे मला म्हणाले, "आठेच ऱ्हाऊत का?" इथेच राहू या का म्हणून, अर्धं थट्टेने, अर्धं खरंच. बरे झाले म्हणून घरी सोडलं, आणि बरे झाले त्याच क्षणी फुकट संपलं. सुटीच्या कागदावर लिहिलं होतं, इन्सुलिन नियमित घ्यावे, चुकवू नये. घ्यावे कुठून, ते लिहायला जागा नव्हती.

कामावर गेले तेव्हा कोणी म्हणालं, इतके दिवस दांडी? कोणी म्हणालं, पगार कापू. बांनी मला ओट्याजवळ स्टुलावर बसवलं आणि विचारलं, "शुं थयुं?" आणि माझा बांध फुटला. सगळं सांगितलं. विमा, कार्ड, खिडकी, दलाल काकांची नळी, ह्यांचा तुटलेला तार. बेसण्यांचं पण सांगितलं. पांढऱ्या साडीचं पण. बा ऐकत राहिल्या. तोंडावर काही दिसलं नाही. शेवटी म्हणाल्या, "दाळ बळे छे." डाळ लागत होती, खरंच. मी उठून गॅस बारीक केला. मला वाटलं, झालं, हे घर गेलं हातातून.

त्यानंतर आम्ही विकत घेत होतो. ह्यांनी चहा सोडला, मी रिक्षा सोडून चालत जायला लागले, तरी बाटली महिना गाठत नव्हती. हे म्हणायचे, एक वेळची सुई सोडतो. मी म्हणायचे, सोडून तर बघा. पण रागाने औषध येत नाही. शेवटी बाटलीत तळाला थोडं राहिलं, आणि मी बाटली उजेडात धरून उरलेले दिवस मोजायला लागले.

त्या सकाळी बांनी मला खोलीत बोलावलं. पलंगावर औषधाची पिशवी होती. त्यातून त्यांनी इन्सुलिनचा नवा खोका काढला, न फोडलेला, बर्फाच्या पिशवीसकट, आणि माझ्या हातात ठेवला. बा अजून बाटलीवरच होत्या. पेन लिहायला असतं, टोचायला नाही, असं म्हणायच्या. मी खोका फिरवून पाहिला. औषध आमचंच. चाळीस लिहिलेलं होतं. पुन्हा पाहिलं. चाळीसच.

"मुलाला सांगितलं, माझा डोस वाढलाय," बा म्हणाल्या, गुजरातीतच. "आता दर महिन्याला दोन खोके येतील."

"ते विचारणार नाहीत, का वाढला म्हणून?"

"विचारलं असतं तर मी दुसरं काही सांगितलं असतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हवे तारे मारा मरवानी राह नथी जोवानी."

गुजराती आता मला आपल्या भाषेइतकंच येतं, तरी ते वाक्य मी मनात मराठीत फिरवून पाहिलं. आता तुला माझ्या मरणाची वाट बघायला नको. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, बा, मी तशी नाही हो. बा म्हणाल्या, "तशीच आहेस. पण विचारतेस तरी." आणि टीव्ही लावला.

मी डोळे पुसत ओट्याशी आले. डाळ उकळत होती, गुळाचा खडा हातात घेतला होता. मग एकदम लक्षात आलं, आता आमचं सगळं ह्या बाईच्या जगण्यावर आहे. मी खडा परत डब्यात टाकला. तूपही निम्मं केलं. दुपारी बांनी डाळ चाखली आणि मला शिव्या दिल्या. मी ऐकून घेतल्या, आणि दुसऱ्या दिवशी गूळ आणखी कमी केला.

पण हे दुसऱ्या दिवसाचं झालं. त्या दिवशी मी खोका पदराखाली धरून घरी आले. हे दिवसपाळीवरून आले होते, हातपाय धूत होते. मी खोका समोर ठेवला. ह्यांनी पाहिलं, हात पुसले, डोक्यावरची टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "काव, कोन गया?"

मी म्हटलं, कोणी नाही. जित्या माणसाने दिलंय.

ह्यांना ते काही खरं वाटेना. हे टोपी हातात धरून तसेच उभे राहिले.